नगरमध्ये बघायला काय आहे?

मागच्या हिवाळ्यात भिवंडीहून माझा चुलतभाऊ सहकुटुंब लग्नाला आला होता. निकाह झाला, वलीमा झाला आणि परतीच्या गाडीला अजून दीड दिवस होता. त्याची मुलगी अकरावीत आहे. मोबाईलवरून नजर न काढता तिनं विचारलं, "चाचा, नगर में देखने जैसा कुछ हैच नहीं क्या? सब शिर्डी और शिंगणापूरच दिखा रहा."

तिचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या गावातून लाखो लोक जातात, पण थांबतात ते माळीवाड्याच्या किंवा तारकपूरच्या स्टँडवर चहापुरते. २०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कारण अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यावरून इथेतिथे पुष्कळ वाद झाले. पण कंडक्टर आधीही "नगर, नगर" ओरडायचा, आजही तेच ओरडतो.

मी तिला म्हटलं, चल, पण राजे-महाराजे दाखवणार नाही, कामगार दाखवीन. ती हसली. तिला वाटलं, मास्तर गंमत करतायत.

सकाळी आधी शहा डोंगरावर नेलं. पाथर्डी रस्त्यानं भिंगार मागे टाकलं की समोर डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी दगडी इमारत दिसू लागते. नगरचा लहान मुलगाही सांगेल, 'चांदबीबी महाल'. शाळेच्या सहली याच नावानं निघतात, मीही नेल्या आहेत. प्रत्यक्षात हा महाल नाही आणि चांदबीबीशी त्याचा काही संबंध नाही. ही सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. १५८० च्या सुमारास राजा राज्यकारभाराला कंटाळून एकांतात बसला, तेव्हा जवळपास दशकभर राज्य यानंच चालवलं. मजले बाजूनं मोकळे, कमानींचे, आणि वारा असा की ओढणी हातात धरावी लागते. कबर खाली तळघरात आहे. वर गेलेले लोक सेल्फी काढून उतरतात. खाली कुणी झोपलंय हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

या माणसानं नगरला पाणी दिलं. एकट्यानं नाही, त्याच्या आधीही नळ होते. पण शहराच्या पाण्याच्या कामांशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं आहे. नगर पर्जन्यछायेत येतं. सीना नदी उन्हाळ्यात नावालाच उरते. मग एवढी मोठी राजधानी, तिच्या बागा, हौद, हमामखाने चालायचे कशावर? कापूरवाडी, वडगाव, शहापूर अशा आसपासच्या उंचावरच्या गावांत विहिरी खणून तिथून जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ शहरात आणले होते. आपल्याकडे त्यांना खापरी नळ म्हणतात. एकात एक बसणारे खापराचे तुकडे, बाहेरून चुना आणि दगडाचं बांधकाम, मधे गाळ बसायला हौद, आणि सगळा प्रवास फक्त उताराच्या जोरावर. मोट नाही, रहाट नाही. यातले काही नळ इंग्रजांच्या काळातही शहराला पाणी पाजत होते. आज आपलं पाणी मुळा धरणातून पंपानं येतं. वीज गेली की पाणी जातं.

मुलीनं विचारलं, "लेकिन नल बनाया किसने?" वजिराचं नाव मी सांगितलं होतं, तरी तिनं विचारलं. बरोबरच विचारलं. नळ कुंभारांनी भाजले, वडारांसारख्या हातांनी दगड फोडले, कुणीतरी चुना मळला. त्यांची नावं कुठल्या तवारीखेत नाहीत. फरिश्ता तरुणपणी याच दरबारात होता, पुढे विजापूरला जाऊन त्यानं मोठा इतिहास लिहिला. निजामशाहीचं घराणं मुळात पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याचं, हे त्यानंच लिहून ठेवलं. पण कुंभाराबद्दल त्याच्याकडेही ओळ नाही.

या प्रश्नाचं थोडंसं उत्तर देणारी एक जागा मात्र नगरला आहे आणि ती मला सगळ्यात प्रिय आहे. किल्ल्याच्या पूर्वेला असलेली दमडी मशीद. किल्ला आधी मातीचा होता. हुसेन निजामशहानं १५५९ च्या पुढे तो दगडात बांधून काढला. त्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशांतून ही मशीद उभी राहिली, असं परंपरा सांगते. वर्ष १५६७, बांधवून घेणारा साहिरखान. मशीद लहान आहे. एका जमातीत फार तर दोन-तीन सफा उभ्या राहतील. पण मोठमोठे दगडी चिरे आणि त्यावरचं कोरीव काम बघितलं की कळतं, दिवसभर बादशहाची तटबंदी चढवणाऱ्या हातांनी संध्याकाळी काय केलं असेल. तटासाठी त्यांना मजुरी मिळाली, इथे त्यांनी पदरचे पैसे घातले. मी उर्दूच्या तासाला 'दमडी' शब्द आला की मुलांना हीच गोष्ट सांगतो. चमडी जाए, दमडी न जाए, हे त्यांना माहीत असतंच. त्यांना उलटं उदाहरण हवं असतं.

किल्ल्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. तो लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र सोबत ठेवा आणि आत जाता येईल का हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान यांच्या फौजेनं वेढा दिला. हा खानखानान म्हणजे हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम, हे सांगितलं की वर्गात नेहमी खळबळ उडते. फेब्रुवारीत सुरुंगानं तटाला खिंडार पडलं आणि चांदबीबीनं रातोरात ते बुजवून घेतलं. चित्रांत ती घोड्यावर असते. मला त्या रात्री अंधारात दगड वाहणारे दिसतात. १६०० साली तिच्याच लोकांनी तिला मारलं आणि किल्ला पडला.

साडेतीनशे वर्षांनी याच किल्ल्यात काँग्रेसचे बारा नेते कोंडले गेले. नेहरूंनी १९४४ साली इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' मात्र आपल्या मराठी मित्रांना फारसं ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या उर्दू शाळेतल्या पोरांनाही नसतं. मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली पण तेव्हा न पाठवलेली ही पत्रं. चहावर, चिमण्यांवर, संगीतावर, या शहराच्या इतिहासावरही. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. आझाद इथे भिंतीआड होते. सुटकेसाठी किंवा भेटीसाठी त्यांनी सरकारकडे अर्ज केला नाही. ते पत्र वाचताना माझा आवाज आजही वर्गात फाटतो.

दुपारी जेवायला शहरात आलो ते तोफखान्यातून. रिक्षावाल्याला 'तोफखाना' म्हटलं की तो तोफ शोधत नाही, एक मोहल्ला समजतो. पण नाव पोकळ नाही. विजापूरला शेर्झा बुरुजावर जी मलिक-ए-मैदान तोफ लोक रांगा लावून बघतात, ती १५४९ साली आमच्या नगरला ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरच्या मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की उस्तादानं. साडेचौदा फुटांच्या आसपास लांबी, वजन पंचावन्न टनांचं सांगतात, तोंडाशी हत्ती गिळणारा सिंह. नगरहून ती परांड्याला गेली आणि तिथून विजापूरला. एवढा धातू एका दमात वितळवून साच्यात सोडायचा म्हणजे किती भट्ट्या, किती भाते, किती कोळसा लागला असेल! आम्ही ज्याला आज 'इंडस्ट्री' म्हणतो, ती नगरला एमआयडीसीच्या चारशे वर्षं आधीपासून आहे.

नंतरच्या काळात याच गल्ल्यांत मागांचा आवाज होता. तेलंगणातून आलेले पद्मशाली, शिवाय कोष्टी, साळी. नगरची लुगडी दूरवर जायची. माग बंद पडत गेले तशा घराघरांत बायका विड्या वळायला बसल्या. पद्मशाली बायका आणि आमच्याही बायका. माझ्या दादीच्या मांडीवर सूप असायचं, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय ती मगरिबला उठायची नाही. तिच्या बोटांना येणारा वास ईदच्या अत्तरानंसुद्धा जायचा नाही.

अब्बा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्याकडे लूना होती. १९७२ पासून हा पन्नास सीसीचा दुचाकीचा जीव इथेच, नगरला बनत होता. फिरोदिया कुटुंब मूळचं नगरचं, त्यांच्या कारखान्यातून तो देशभर गेला. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, सगळे लूनावर. २०२४ मध्ये तीच लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. अब्बांचा कारखाना वेगळा होता. तो मी बी. एड. करत असताना बंद झाला, आणि हातात मिळाली ती रक्कम मोजायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यानंतर बरेच महिने ते सकाळी सातला डबा न घेता लूना काढायचे आणि दुपारी परत यायचे. कुठे जाता, असं अम्मी विचारायची नाही. एकदा मी मागे बसून गेलो. ते मला फराहबागेत घेऊन गेले.

म्हणून भाचीसारख्या त्या पोरीला मी शेवटी तिथेच नेलं. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला हा महाल. मुर्तझाच्या काळात वजीर चंगीजखानानं काम सुरू केलं. हा तोच चंगीजखान, ज्यानं मलिक अंबरला गुलाम म्हणून विकत घेतलं होतं. १५८३ साली सलाबतखानानं ते पुरं केलं. चारी बाजूंनी पाणी, त्या पाण्यावरून आत येणारा गार वारा, मधला उंच घुमटी दिवाणखाना. पाणी अर्थातच नळांनी आणलेलं. आज तळ्यात गवत आहे. भिंतींवर प्रेमिकांची नावं आहेत, चुन्याच्या गिलाव्यात खिळ्यानं कोरलेली. बाहेर एक पाटी आहे आणि सांगायला कुणी नाही.

त्या दिवशी अब्बा मधल्या कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून दोन चिऱ्यांमधला सांधा मोजला, लेथवर जॉब तपासावा तसा. म्हणाले, "फिटिंग देख. सूत का भी फरक नहीं." बस, तेवढंच बोलले. कारखान्याचा विषय निघाला नाही. येताना भिंगारला चहा प्यालो.

मी हे भावाच्या मुलीला सांगितलं नाही. पण तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला होता आणि बोट एका सांध्यावरून फिरवत होती. मग म्हणाली, "चाचा, वो दमडी मस्जिद अस्र को खुली रहती क्या? अब्बू को दिखानी है." घड्याळात सव्वाचार वाजले होते. तिथून रिक्षानं पोहोचण्याइतका वेळ होता.