काजळाच्या काठावरून पापणीच्या टोकाकडे

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं आणि बातम्या सांगणारा चेहरा घराघरात, चार हातांवर येऊन बसला. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, स्मिता तळवलकर यांनी या केंद्रावरून बातम्या वाचल्या. पडदा लहान आणि कृष्णधवल. गालांची लाली असो की ओठांचा रंग, सगळं राखाडीत जमा. उरायचे ते डोळे. नाटकात शेवटच्या रांगेला जी पापणी कधी दिसली नाही, ती इथे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही दिसू लागली. मुंबईतल्या मस्काराची कुळकथा सांगताना मला वरळीचा हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. पण मूळ शोधायचं तर बरंच मागे, थेट दिव्यापाशी जावं लागतं.

एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं ताट पालथं धरायचं, रात्रभर धरलेली काजळी सकाळी खरवडून तुपात किंवा लोण्यात खलायची, कोणी त्यात चिमूटभर कापूर घालायचं. घरच्या काजळाची ही रीत. आजी ते करायची, आई बोटाने लावायची, तान्ह्या बाळाच्या गालावर तीटही त्याचीच. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या तेलाचा अतिसूक्ष्म कोळसा. आजच्या मस्कारात आयर्न ऑक्साइडबरोबर अनेकदा जो कार्बन ब्लॅक असतो, तोही जळणातूनच धरलेला कोळसा. फक्त कारखान्यात, शुद्धता मोजून केलेला. तुपाची जागा मधमाश्यांच्या मेणाने आणि कार्नोबा मेणाने घेतली. म्हणून काजळाला मी मस्काराचं थोरलं भावंड मानते.

फरक आहे तो जागेचा. काजळ पापणीच्या काठाला लागतं, मस्कारा केसाच्या टोकाला. पापणीचा केस मुळाशी जाड आणि गडद असतो. पुढे निमुळता होतो, फिका पडतो. समोरच्याला शेवटचा भाग दिसतच नाही. मस्कारा ते हरवलेलं टोक काळं करतो आणि मुळात असलेलीच लांबी नजरेला आणून देतो. काही प्रकारांत नायलॉनचे किंवा रेयॉनचे बारीक तंतू मिसळलेले असतात; मेणासोबत ते टोकाला चिकटतात, तेव्हा मात्र थोडी उसनी लांबी मिळते. आपल्याकडे बहुतेकींचे केस मुळातच काळे, त्यामुळे काठ रेखला की डोळा उठून दिसायचा. सोनेरी, भुऱ्या पापण्यांच्या मुलखात तेवढ्याने भागत नव्हतं. टोकाचं हे तंत्र तिकडे वाढलं याचं कारण मला यातच दिसतं.

शिकागोत टॉम विल्यम्स या तरुणाने आपली बहीण मेबल हिला पापण्यांवर व्हॅसलीन आणि कोळशाच्या पुडीचं मिश्रण लावताना पाहिलं आणि १९१५ साली धंदा सुरू केला. पुढे मेबेलिन म्हणून तो जगभर गेला. सुरुवातीचा मस्कारा म्हणजे साबण आणि रंगाची वडी. ओला ब्रश तिच्यावर घासायचा, पाणी हाताशी नसेल तर चक्क थुंकी लावायची. दांडीसकट नळी आली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस, हेलेना रुबिनस्टाइनच्या कंपनीकडून.

मुंबईत पापणी रंगवण्याची गरज घेऊन आला तो सिनेमा. दादरला दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तो १९१३ मध्ये पडद्यावर आला. त्यातली तारामती होती अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तांबडं ते काळं उमटायचं, निळं पांढुरकं. चेहरा रंगवायचा तो कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी, माणसाच्या नव्हे. पुढे फिल्म सुधारली, कॅमेरा जवळ सरकला आणि पापणीचा एकेक केस रंगभूषाकाराच्या जबाबदारीत आला. १९४२ साली परळला व्ही. शांतारामांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला. पंढरीदादा जूकर रंगभूषाकार बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झाले. रशियात जाऊन त्यांनी रंगभूषेचं शिक्षण घेतलं आणि कृष्णधवलपासून रंगीत पडद्यापर्यंत कित्येक पिढ्यांचे चेहरे सजवले. २०२० मध्ये ते गेले. रंगभूषेला विद्येचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव मी फार वर ठेवते.

पडद्यावरचे डोळे पाहून घरातल्या मुलीला ते हवेसे वाटले, तर द्यायला दुकानात काहीतरी हवं. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच कंपन्यांच्या साहाय्याने लॅक्मे सुरू केली. १९६१ पासून सिमोन टाटा यांनी तिची घडी बसवली. मस्कारा परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून बाहेर पडून दादरच्या दुकानात पोचायला अर्थात वेळ लागला. आणि पोचल्यावर गाठ मुंबईच्या हवेशी. जूनच्या दमट दुपारी, लोकलच्या गर्दीत, साबणाची वडी तग कशी धरणार? त्यावर उतारा वॉटरप्रूफ प्रकाराचा. त्यात रंग आणि मेण उडून जाणाऱ्या द्रावकात असतात. द्रावक उडालं की केसावर पाण्याला दाद न देणारा थर राहतो. तो काढायला तेलच लागतं.

डोळ्याशी खेळ धोक्याचा, हेही या कथेत आहेच. १९३०च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापणीच्या रंगाने बायकांची दृष्टी गेली आणि प्रसाधनांनाही लागू होणाऱ्या १९३८च्या कडक कायद्याला बळ मिळालं. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४०चा. सौंदर्यप्रसाधनं त्याच्या कक्षेत आली ती १९६२च्या दुरुस्तीने.

मला सर्वांत जास्त बोचते ती गोष्ट मात्र हातांची. घरात काजळ धरणारा आणि लावणारा हात बाईचा. मुंबईच्या सिनेउद्योगात तोच हात अडवला गेला. रंगभूषाकारांच्या संघटनेच्या नियमांमुळे बायकांना फक्त केशरचनेसाठीचं सदस्यत्वाचं कार्ड मिळायचं. मेकअप पुरुषांनीच करायचा. अर्धशतकाहून अधिक काळ हे चाललं. शिकलेल्या, हुन्नर असलेल्या मुली लपूनछपून काम करत, पकडल्या गेल्या तर दंड भरत. शेवटी काही जणी न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला, आणि मुंबईच्या सेटवर नटीच्या पापणीला ब्रश लावण्याचा अधिकार बाईला रीतसर मिळाला.