हाली आणि कलदार

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर दरवर्षी एक जुना रुपया ठेवतात. त्याच्या एका बाजूला चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर. ऐन म्हणजे उस्मान. 1911 साली गादीवर आलेले निजाम मीर उस्मान अली खान. हा हाली सिक्का. गेल्या दिवाळीत धाकट्याने तो हातात घेऊन विचारले, "बाबा, हा खरा का हो?" मी पेशाने मास्तर, उत्तर तोंडावर असायला हवे होते. पण याच रुपयापायी आमची जमीन गेली, असे आजी आम्हांला सांगत आली होती.

निजामाच्या राज्यात हाली चाले, इंग्रजांच्या मुलखात कलदार. कलदार वजनाला भारी, चांदीही त्यात अधिक. 100 कलदारांना 116-117 हाली मोजावे लागत. सारा भरायचा हालीत, पण कापसाचा भाव ठरे मुंबईला, कलदारात. मधला बट्टा सराफाच्या पदरात. ही दोन नाणी शेतकऱ्याच्या दारात आमनेसामने आणली ती आगगाडीने. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रस्ता नांदेडवरून गेला. लातूरला 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी आली. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होतेच, तरी लातूरची पेठ फुगली; 1917 साली तिथे गंजगोलाई उभी राहिली, सोळा रस्ते जिला येऊन मिळतात ती. आजीचे माहेर तिकडचे, त्यामुळे गोलाईपुढे तिला मुंबईसुद्धा फिकी वाटे!

पहिल्या महायुद्धात कापूस महागला आणि नांदेडच्या काळ्या जमिनीतल्या गावरानी कापसाला सोन्याचे दिवस आले. पण चांदीही महागली. रुपया चलनापेक्षा मुशीत घालणे फायद्याचे होऊ लागले, तेव्हा 1918 साली निजाम सरकारने कायदा करून कागदी नोटा काढल्या. ज्याने आयुष्यभर रुपया दगडावर वाजवून घेतला, त्याने कागद कसा वाजवावा? त्याच साली पाऊस दगा देऊन गेला, आणि पाठोपाठ मानमोडी आली. इन्फ्लुएंझा हे तिचे नाव पुस्तकात, आमच्याकडे मानमोडीच. तिच्यात पणजोबांचा भाऊ गेला, बैलही चाऱ्यावाचून गेले.

आजीची हकीकत अशी: सावकाराने दिले हाली, लिहून घेतले कलदार, आणि पुढे मंदीत दहा एकर गिळले. कागद पेटीत होता, पण उर्दूत. 1918 सालीच हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका देशी भाषेतून वरचे सगळे शिक्षण देण्याचे ते धाडस मोठे होते आणि त्याचे कौतुक मला आहे. पण ज्याची मायबोली मराठी, त्याला कचेरीतला हर एक कागद मुकाच राहिला. गाऱ्हाणे सांगायला चार माणसे जमवावीत, तर 1920 नंतरच्या दशकात 'गश्ती निशान 53' आले. सभेलाही परवानगी हवी. मग लोक घरात बोलत, आणि घरात बोललेले पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते.

अखेर तो कागद मी नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, यात कलदार कुठेच नाही." तारीख बहमन 1328 फसली, म्हणजे 1918 चा डिसेंबर. कारण बैल व घरखर्च. रक्कम 300 हाली. मुदत बारा वर्षांची; न फिटल्यास खरेदी समजावी. व्यवहार नाण्याला धरून, अक्षराला धरून चोख!

मग जमीन गेली कशी? पणजोबांनी कर्ज काढले तेव्हा कापूस तेजीत होता. मुदत भरली 1930 च्या अखेरीस. वर्षभरापूर्वी, 1929 साली, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता आणि जगाबरोबर कापसाचे भावही एक-दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते. आकडा कागदावर 300 चाच राहिला, पण तो फेडायला गाड्या लागणार होत्या दुप्पट. व्याजाची गोष्ट निराळीच. सावकाराला मी साधू ठरवीत नाही. बुडत्याच्या हाती मुदतखरेदीचा कागद देणारा माणूस काय समजून देतो, ते त्याला पक्के ठाऊक असते. पण हाली-कलदारची लबाडी त्याने केली नव्हती, आणि शंभर वर्षे आम्ही त्याला तिच्याचसाठी शिव्या दिल्या.

आजीला हे सांगायची संधी मिळाली नाही. वडिलांना सांगितले, तर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कागद नीट घडी घालून ठेव." धाकट्याला मात्र मी सांगितले, की रुपया खरा होता, वाजवून बघ. त्याने तो फरशीवर टाकला.