जुन्या मोटारीची परीक्षा

श्रोतेहो, लांबच्या बाजाराला निघण्यापूर्वी जाणता शेतकरी गाडीचा आख पाहतो, चाकाची धाव सैल झाली आहे का ते चाचपतो, वंगण घालतो. हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. गाडी मोडली तर बैल त्याचे आणि मालही त्याचा. मोटारीचे तसे नाही. तिचा ब्रेक लागला नाही, तर पुष्कळदा जीव जातो तो रस्त्याने चाललेल्या तिऱ्हाइताचा. मग मालकाच्या खासगी गाडीत सरकारने हात घालावा की नाही?

इंग्लंडात हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे आला. युद्ध १९४५ साली संपले, पण देश कर्जात बुडालेला. नव्या मोटारी परदेशी विकून चलन मिळवायचे, असे धोरण ठरले. घरच्या लोकांना युद्धापूर्वीच्या गाड्यांवरच वर्षानुवर्षे दिवस काढावे लागले. १९५६ च्या रस्ता-वाहतूक कायद्याने तपासणीचा अधिकार सरकारला दिला. पुढे अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, सप्टेंबर १९६० मध्ये, १० वर्षांच्या व त्याहून जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली आणि १९६१ च्या फेब्रुवारीत ती सक्तीची झाली. वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘एमओटी’ म्हणू लागले.

आरंभी पाहायचे ते तीनच: ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पण एवढ्यातच इतक्या गाड्या नापास झाल्या की, १९६१ साल संपण्याच्या आत वयाची अट ७ वर्षांवर आणावी लागली. १९६७ साली ती ३ वर्षांवर आली. याचा अर्थ काय बरे? खरा दोष वयाचा नव्हता, निगेचा होता. तीन वर्षांची गाडीदेखील हयगयीने धोक्याची होते.

पुढे विषयही वाढत गेले. १९६८ साली टायर आले, १९७७ साली काचेचे पुसणे, भोंगा, धुराची नळी आणि गाडीचा सांगाडा आले, तर १९९१ साली धुराची मोजणी आली.

जुनी गाडी नापास होते ती बहुधा साध्याच गोष्टींनी. दिवा लागत नाही, किंवा लागतो पण समोरच्याचे डोळे दिपवतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरते. स्टिअरिंगच्या सांध्यांत ढिलेपणा येतो. एका बाजूचा ब्रेक जोराने धरतो आणि दुसऱ्या बाजूचा धरत नाही. मग गाडी थांबण्याऐवजी कडेला ओढली जाते. पण सर्वांत कपटी शत्रू म्हणजे गंज. पत्र्यावर दिसणारा डाग तितकासा घातक नसतो. स्टिअरिंग, स्प्रिंगा किंवा आसनाचा पट्टा जिथे सांगाड्याला जोडला आहे, तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पोखरणारा गंज मात्र गाडीला नापास करतो. वरून रंग लावला म्हणून तो झाकत नाही. परीक्षक ठोकून पाहतो.

आणखी एक गोष्ट. इंजिनाची ताकद, क्लच, गिअर यांची परीक्षा तिथे होतच नाही. गाडी चांगली चालते का, हे पाहायचे नसते. ती थांबते का, वळते का आणि दुसऱ्याला दिसते का, हे पाहायचे असते. शिवाय दाखला त्या दिवसापुरताच बोलतो. उद्या ब्रेकची नळी फुटली, तर दाखला कामाला येणार नाही.

आपल्याकडे या तपासणीला लोक ‘पासिंग’ म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे बस, ट्रक यांना योग्यतेचा दाखला लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

इंग्लंडातली कथा पुढे मोठी गमतीची झाली. ज्या तपासणीचा जन्म जुन्या गाड्यांसाठी, तिच्यातून २०१८ साली ४० वर्षांवरच्या, मूळ रूप फारसे न बदललेल्या मोटारींना सूट मिळाली. इतक्या जुन्या गाड्या ठेवणारे बहुतेक मालक त्यांची जिवापाड निगा राखतात, हा विचार त्यामागे होता. सूट मिळाली ती दाखल्यातून. गाडी सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून नव्हे. ती मालकाकडेच राहिली. शिक्षकबंधूंनी मुलांना हे जरूर सांगावे, आणि गावातल्या जीप-ट्रॅक्टरवाल्यांनी पासिंगची तारीख येण्याची वाट न पाहता आजच ब्रेक तपासून घ्यावा.