फिरती प्रशिक्षण प्रयोगशाळा

फिरती प्रशिक्षण प्रयोगशाळा : तांत्रिक कामाचे प्रत्यक्ष शिक्षण शिकणाऱ्याच्या गावात, शिवारात किंवा कारखान्याच्या दारात नेऊन देणारी, वाहनावर उभारलेली कार्यशाळा. बस, ट्रक किंवा ट्रेलरमध्ये कामाची टेबले, हत्यारे, मोजमापाची उपकरणे, उघडून पुन्हा जोडता येतील अशी यंत्रे आणि स्वतःचा वीजपुरवठा एवढे तिचे सर्वसाधारण साहित्य असते. फिरते विज्ञान प्रदर्शन आणि ही प्रयोगशाळा या दोहोंत फरक आहे. प्रदर्शनात लोक रांगेने येतात, पाहतात आणि पुढे जातात. इथे एका वेळी मोजकीच माणसे घेतात आणि प्रत्येकाच्या हाताने काम करवून घेतात. म्हणून अशा उपक्रमाचे मोल गाडी किती गावे फिरली यावरून ठरवणे चुकीचे आहे. किती जणांनी स्वतः पाना धरला आणि बिघडलेली वस्तू चालू करून दाखवली, हाच खरा हिशेब.

या कल्पनेचा उगम मराठी वाचकाला अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (1981) या चरित्रामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर महाराष्ट्रात घराघरांत पोचले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी संस्थेत काम करताना कार्व्हर आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1906 मध्ये जनावरांनी ओढायची एक गाडी तयार करून घेतली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी तिला पैसा दिला, म्हणून ती ‘जेसप वॅगन’. नांगर, बियाणे, दूध घुसळण्याची यंत्रे असे साहित्य घेऊन ती गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जाई. पहिल्याच उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांहून अधिक लोकांपर्यंत ती पोचली. त्याच वर्षी ती चालवण्यासाठी थॉमस कॅम्पबेल यांची नेमणूक झाली. पुढे घोडे-खेचरे गेली आणि मोटारट्रक आला. ज्याला शाळेपर्यंत येणे परवडत नाही त्याच्याकडे शाळेने जावे, हे तत्त्व मात्र तेच राहिले.

भारतात चाकांवरचे शिक्षण प्रथम विज्ञानप्रसाराच्या वाटेने रुजले. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने 1965 मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. 2007 मध्ये ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही रेल्वेगाडी देशभर फिरू लागली. अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशनच्या फिरत्या प्रयोगशाळांनी खेड्यांतील शाळांत प्रयोगाचे साहित्य मुलांच्या हातात दिले. महाराष्ट्रात हातशिक्षणाचे महत्त्वाचे काम केले ते पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार अंगांनी आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवतो. वेल्डिंग शिकणारी मुले गावातल्या कुणाचे तरी फाटक बनवून देतात, म्हणजे शिकणे आणि उपयोगी पडणे एकाच वेळी होते. फिरत्या कार्यशाळेने उचलावी अशी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

अशी कार्यशाळा प्रत्यक्षात कशी आखावी हे पाहण्यासाठी मराठवाड्यातील जालना जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तिथे या पद्धतीचा सर्वांत जवळचा आणि जुना नमुना शेतीच्या क्षेत्रात सापडतो. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीत निघाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने जालन्याजवळ खरपुडीला 1983 मध्ये केंद्र सुरू केले आणि विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली ते वाढले. कृषी विज्ञान केंद्रांच्या कामाची रचनाच दुहेरी असते : काही प्रशिक्षण केंद्राच्या आवारात, काही थेट गावात आणि शेतकऱ्याच्या बांधावर. करून पाहणे हे या केंद्रांचे ब्रीद असल्याने पीक-प्रात्यक्षिके शेतकऱ्याच्याच रानात घेतली जातात. खरपुडीच्या कामाचे फळ पाहायचे असेल तर कडवंचीला जावे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षबागांसाठी ओळखले जाऊ लागले. एका भेटीत असे होत नाही. तीच माणसे त्याच गावात वर्षानुवर्षे जात राहिली म्हणून हे झाले, आणि फिरत्या प्रयोगशाळेच्या आखणीत नेमका हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

1 मे 1981 रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 19,59,046 असून त्यातील सुमारे चार पंचमांश ग्रामीण आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, मुख्यतः शहरात आणि तालुक्याच्या गावी. मंठा किंवा घनसावंगीच्या आडगावातल्या मुलाला एसटीने रोज ये-जा करणे जड जाते, आणि मुलीच्या बाबतीत घरचे पुष्कळदा परवानगीच देत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला तर वर्षभराचा अभ्यासक्रम परवडतच नाही. मात्र तंत्रज्ञाची गरज प्रत्येक गावात, जवळजवळ प्रत्येक विहिरीवर आहे.

शेतीपंपाचा धडा घेतला तर ही गरज स्पष्ट होते. तीन फेजवर चालणाऱ्या मोटारीला एखादा फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर भार येतो, करंट वाढतो, वेटोळी तापतात आणि मोटार जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हे टाळण्यासाठीच असतो. पण तो वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याला बगल देऊन थेट जोडणी करणे, किंवा कन्डेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढणे, हे प्रकार शिवारात सर्रास चालतात. प्रशिक्षकाने टेबलावर स्टार्टर उघडायचा. हिरवे बटन दाबल्यावर नो-व्होल्ट कॉइल संपर्क कसा धरून ठेवते आणि वीज गेली की कसा सोडते, हे दाखवायचे. मग शिकणाऱ्याने टाँगटेस्टर तिन्ही वायरींवर आळीपाळीने लावून वाचन घ्यायचे : 5 एचपीच्या साध्या मोनोब्लॉक मोटारीला पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर. शेवटी रिलेची खूण मोटारीच्या पाटीवरील आकड्याशी जुळवायची. मेगरने मोटारीचे इन्सुलेशन तपासणे, अर्थिंगचा खड्डा नीट करणे हे त्याच बैठकीत येते. हे सारे फळ्यावर शिकवता येते, पण रिवाइंडिंगचा खर्च टळतो तो शिकणाऱ्याचे बोट रिलेच्या चकतीवर गेल्यानंतरच. धड्याचा उत्तरार्ध गाडीबाहेर, गावातल्याच एखाद्या विहिरीवर व्हावा. तिथला व्होल्टेज, तिथली उंदरांनी कुरतडलेली केबल आणि तिथला गंजलेला पत्र्याचा डबा कोणत्याही सुसज्ज टेबलावर मिळत नाहीत. चालू पुरवठ्यावरचे काम मात्र पूर्णपणे वर्ज्य. वीज बंद केल्याची खात्री टेस्टरने नव्हे तर मीटरने करणे ही पहिली सवय लावावी लागते, आणि डीपीला हात लावणे हे महावितरणच्या माणसाचेच काम, हेही तेवढ्याच ठामपणे सांगावे लागते.

कपाशी आणि मोसंबीच्या या पट्ट्यात फवारणीचे प्रशिक्षण तितकेच निकडीचे आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने विसाहून अधिक जणांचे प्राण गेले. नोझल बदलणे, पंपाची गळती ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहणे, मास्क आणि हातमोजे नीट घालणे या गोष्टी अर्ध्या दिवसात शिकवता येतात. हे प्रशिक्षण बागायतदाराइतकेच, किंबहुना त्याच्याआधी, पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला मिळाले पाहिजे. रेशीम उद्योगही असाच. 2018 मध्ये जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर तुतीकडे शेतकऱ्यांचा ओढा वाढला. संगोपनगृहात तापमान आणि आर्द्रता सांभाळणे, निर्जंतुकीकरण करणे ही कामे पाहून नव्हे, करून येतात.

जालन्याची दुसरी ओळख पोलादाची आहे. भंगार वितळवून त्याचे बिलेट आणि बिलेटपासून टीएमटी सळई बनवणारे कारखाने येथील औद्योगिक वसाहतीत आहेत. इंडक्शन भट्टीतला रस सुमारे 1600 अंश सेल्सिअसवर असतो. भंगारात ओलावा किंवा बंद नळकांडे राहिले तर स्फोट होतो, आणि त्याची किंमत भट्टीसमोर उभा असलेला कामगार मोजतो. भट्टी गाडीत नेता येत नाही, हे उघड आहे. गाडीत नेता येते ते भट्टीच्या भोवतीचे ज्ञान : भंगार निवडणे, क्रेनच्या खुणा, साखळदंड व वायररोपची तपासणी, वेल्डिंगचा सराव, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजमाप, पॅनेलची देखभाल, भाजल्यावरचा प्रथमोपचार. या कारखान्यांत परप्रांतीय कामगारही असल्याने शिक्षण मराठीबरोबर हिंदीतही व्हायला हवे आणि ते पाळी सुटण्याच्या वेळेला फाटकापाशीच मिळायला हवे. कामगाराची पाळी बुडवून घेतलेले प्रशिक्षण टिकत नाही. उरलेला भाग शिकाऊ उमेदवारीचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ती जबाबदारी कारखान्यांवर टाकलेली आहे आणि फिरत्या गाडीकडे बोट दाखवून ती टाळता येणार नाही.

वेळापत्रक हा नियोजनाचा सर्वांत अवघड भाग आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मागे राहिलेल्यांना त्याच काळात कापूसवेचणी असते. जून-जुलै पेरणीचा. म्हणजे गावात माणसे सापडण्याचा काळ मुख्यतः एप्रिल-मे, आणि तेव्हा पारा चाळिशी पार करतो. पत्र्याच्या बंद गाडीत त्या उन्हात कुणी शिकू शकत नाही. म्हणून सकाळी सात ते अकरा आणि सायंकाळी पाचनंतर, टेबले बाहेर काढून समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या सावलीत वर्ग घेणे हाच व्यवहार्य मार्ग. एका गावात सलग मुक्काम, पंधरवड्याने दुसरी फेरी आणि हंगाम लागल्यावर तिसरी, अशी आखणी केली तर पहिल्या वेळी दुरुस्त केलेले स्टार्टर अजून चालतात का हे पाहता येते.

प्रमाणपत्राचा प्रश्नही यात येतो. जिल्ह्यात पाना-पकडीवर आयुष्य काढलेले वायरमन, वेल्डर आणि पंप-मेकॅनिक पुष्कळ आहेत, पण त्यांच्या हाती कागद नसतो. 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद असून त्यासाठी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा गाडीतच घेता येते. अशा कारागिराला नवशिक्यांच्या रांगेत न बसवता सहप्रशिक्षक म्हणून मानधनावर नेमणे अधिक योग्य ठरते. गाडी पुढच्या गावाला गेल्यावर अडचण घेऊन लोक त्याच्याच दुकानात येणार असतात, आणि हत्यारांचा एक संच त्याच्याकडे ठेवला तर दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतही सराव चालू राहतो.