अ‍ॅमस्टरडॅमची सायकल आणि रस्त्यावरचा हक्क

अ‍ॅमस्टरडॅमला सुट्टीसाठी जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष कालवे आणि चित्रसंग्रहालये यांच्या आधी बहुधा सायकलींकडेच जाते. प्रवासवर्णनांत या दृश्याची दोन कारणे हमखास दिलेली असतात : एक डच माणसाचा काटकसरी स्वभाव आणि दुसरे तेथील सपाट जमीन. ही दोन्ही कारणे खोटी नसली तरी अपुरी आहेत, कारण सपाटी कोलकात्यालाही आहे आणि हॉलंडमध्ये समुद्रावरून येणारा समोरचा वारा सायकलस्वाराला घाटाइतकाच दमवतो. शिवाय स्वभाव आणि भूगोल हीच खरी कारणे असती, तर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात याच शहरातून सायकल हद्दपार होण्याच्या बेतात का आली होती, याचा उलगडा होत नाही. आज तेथे दिसणारी व्यवस्था मुख्यतः १९७० च्या दशकातील नागरी राजकारणातून घडलेली आहे.

नेदरलँड्समध्ये सायकल प्रथम आली ती हौशी आणि सधन वर्गाचे वाहन म्हणून. १८८३ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘एएनडब्ल्यूबी’ने, मार्गदर्शक फलक उभारून आणि चांगल्या रस्त्यांची मागणी करून सायकल-पर्यटनाला देशप्रेमाची जोड दिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन चलन कोसळल्यामुळे तिकडच्या स्वस्त सायकली बाजारात आल्या आणि कामगारालाही सायकल परवडू लागली. ती इतकी सार्वत्रिक झाली की १९२४ साली सरकारने तिच्यावर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला देण्यास सुरुवात केली. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवणाऱ्या महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. डच बिल्ल्याला मात्र एक बोचरी बाजू होती : बेकारांना तो फुकट मिळे, पण त्याला भोक पाडलेले असे आणि त्यामुळे सायकलस्वाराची परिस्थिती येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत असे. हा कर १९४१ साली जर्मन अंमलात रद्द झाला, परंतु पुढच्याच वर्षापासून त्याच सत्तेने लोकांच्या सायकली जप्त करण्याचा सपाटा लावला. रबराच्या टंचाईमुळे उरलेल्या सायकली लाकडी धावांवर किंवा बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तुकड्यांवर चालवण्याची वेळ आली, आणि १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात शहरातील माणसे, विशेषतः स्त्रिया, अशाच सायकली रेटत अन्नासाठी खेड्यापाड्यांत फिरल्या.

युद्धोत्तर सुबत्तेने चित्र पालटले. मोटार ही प्रगतीची खूण ठरली आणि सतराव्या शतकात होड्या, हातगाड्या व पादचारी यांच्यासाठी आखलेल्या शहरात तिला जागा कशी करून द्यावी, हा नगररचनेचा मुख्य प्रश्न बनला. १९५४ साली शहराचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनी काही कालवे बुजवून तेथे रस्ते आणि वाहनतळ करावेत असे सुचवले. १९६७ साली डेव्हिड योकिनेन या अमेरिकी नियोजकाने त्याहून मोठी योजना मांडली, जिच्यात जुन्या कामगार वस्त्या पाडून रुंद द्रुतगती मार्ग शहराच्या गाभ्यापर्यंत नेण्याचा विचार होता. या योजना फसल्या, तरी त्यांमागची विचारसरणी काही ठिकाणी प्रत्यक्षात उतरलीच. योडेनब्रेस्ट्राट या रस्त्याने निउमार्क्टच्या दिशेने चालत गेल्यास प्रशस्त रस्ता एकाएकी अरुंद होतो, आणि त्या अरुंद भागात ‘पिंटोहाउस’ हे सतराव्या शतकातील घर उभे आहे. नियोजित चौपदरी रस्ता या घरावरून जाणार होता. मेट्रोच्या बांधकामासाठी या परिसरातील घरे पाडण्याला रहिवाशांनी कडवा विरोध केला, १९७५ साली तेथे दंगलीही झाल्या, आणि मेट्रो झाली तरी रस्त्याचे रुंदीकरण मात्र अर्ध्यावरच सोडून द्यावे लागले. शहराच्या इतिहासातील हा निर्णायक कलह मार्गदर्शकाविना पाहता येतो, आणि तो पाहणे हे कालव्यातल्या फेरीपेक्षा अधिक बोधप्रद ठरावे.

मोटारीच्या विरोधातील पहिला लक्षवेधी आवाज १९६५ साली ‘प्रोवो’ या तरुणांच्या अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नाकारणाऱ्या, गटाने उठवला. या गटातील लुड स्किमेलपेनिंक यांनी ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ मांडली : शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करावा आणि पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली जागोजागी ठेवाव्यात, ज्या कोणीही घ्याव्यात आणि काम झाले की तेथेच सोडाव्यात. सायकल कुलूपबंद असली पाहिजे या नियमावर बोट ठेवून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पुढे नगरपरिषदेनेही ही कल्पना फेटाळली. जगभरच्या शहरांत आज भाड्याच्या सामाईक सायकली दिसतात, त्यांच्या वंशावळीत मात्र या फसलेल्या प्रयोगाला मूळपुरुषाचे स्थान दिले जाते.

प्रोवोंच्या विनोदी बंडखोरीला जे साधले नाही, ते मुलांच्या मृत्यूंनी घडवले. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मरण पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. अपघातात मुलगी गमावलेले पत्रकार विक लांगेनहोफ यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘मुलांची हत्या थांबवा’, ही चळवळ उभी राहिली. अपघाताला हत्या म्हणण्यात अतिशयोक्ती होती असे कोणी म्हणेल, परंतु त्या एका शब्दाने दोष दैवावरून काढून रस्त्यांच्या रचनेवर ठेवला. कार्यकर्त्यांनी रस्ते अडवले, मुलांना खेळण्यासाठी ते मोकळे करून घेतले आणि सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९७३ साली अरब देशांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा तोडल्यावर ४ नोव्हेंबरपासून काही काळ रविवारी मोटारबंदी लागू झाली, आणि मोटारीविना शहर कसे दिसते याचा अनुभव चळवळीत नसलेल्या नागरिकांनाही मिळाला.

याच काळात संघटनेच्या पातळीवर एक मासलेवाईक घटना घडली. सायकलस्वारांची म्हणून जन्मलेली एएनडब्ल्यूबी एव्हाना मोटारमालकांची मातब्बर संस्था झाली होती. म्हणून १९७५ साली काही सायकलस्वारांनी वेगळी संघटना काढली आणि जुन्या संस्थेला टोमणा मारत स्वतःला ‘पहिली, एकमेव, खरीखुरी’ डच सायकलस्वार संघटना म्हणवून घेतले. जुन्या संस्थेच्या आक्षेपामुळे नाव बदलावे लागले आणि आज ती ‘फीट्सर्सबोंड’ या नावाने ओळखली जाते. तिने धोक्याच्या जागांचे नकाशे तयार केले, संग्रहालयांसमोरील म्युझियमप्लेन या मोकळ्या मैदानात हजारो सायकलस्वारांचे मेळावे झाले, आणि १९७८ साली शहराने मोटारींच्या वाहतुकीला आवर घालणारा आराखडा स्वीकारला.

लालसर डांबराचे स्वतंत्र सायकलमार्ग, मोटारींसाठी मुद्दाम वळसे घालायला लावणारे एकदिशा मार्ग आणि क्रमाक्रमाने कमी केलेल्या पार्किंगच्या जागा हे सारे पुढील दशकांतील संथ काम होय. त्याला कायद्याचीही जोड मिळाली : मोटार आणि सायकल यांच्या टकरीत नुकसानभरपाईचे दायित्व सामान्यतः मोटारचालकाकडे जाते, आणि सायकलस्वार चौदा वर्षांखालील असल्यास मुलाची चूक असली तरी ते सहसा टळत नाही. अशा संरक्षणाखाली वाढलेली सायकलही साधीच राहिली. ताठ बसता येईल असे उंच हँडल, पॅडल उलटे फिरवून लावायचा ब्रेक, कपडे खराब होऊ नयेत म्हणून पूर्ण झाकलेली चेन आणि मागच्या चाकालाच बसवलेले कुलूप, इतकाच तिचा थाट असतो. शिरस्त्राण क्वचितच दिसते. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेला जोडीदारही सर्रास दिसतो आणि डबलसीटसाठी पोलिसांनी अडवल्याच्या आठवणी जपणाऱ्या मराठी प्रवाशाला त्याचे विशेष अप्रूप वाटते.

तरीही भांडण मिटलेले नाही. १८८५ साली उघडलेल्या राइक्सम्युझियमच्या इमारतीच्या पोटातून जाणारा भुयारी कमानींसारखा मार्ग शहर आणि दक्षिणेकडील वस्ती यांना जोडतो. संग्रहालयाच्या नूतनीकरणात नवे प्रवेशद्वार या मार्गात घेण्याचा बेत पुढे येताच सायकलस्वारांनी व स्थानिक रहिवाशांनी इतका नेटाने विरोध केला की क्रुझ आणि ऑर्टिझ या स्पॅनिश वास्तुरचनाकारांना आपला आराखडा बदलावा लागला. २०१३ पासून रेम्ब्रांटच्या चित्रांखालून पुन्हा सायकली धावतात. २०१९ मध्ये कमी वेगाच्या मोपेडना शहराच्या मध्यवर्ती भागातील बहुतेक सायकलमार्गांवरून हटवण्यात आले, तर २०२३ मध्ये मध्यवर्ती स्थानकासमोर पाण्याखाली सुमारे ७,००० सायकलींचा तळ उघडला. सध्याचा वाद रुंद टायरांच्या विजेवरच्या सायकलींचा आहे. त्या चालवणारी मुले लहान आणि वेग मोठा, अशी तक्रार आहे, आणि ती करणाऱ्यांत साध्या सायकलीवरचे नागरिकच आघाडीवर आहेत.