शह नाही आणि चालही नाही

बुद्धिबळाच्या पटावर कधी कधी अशी वेळ येते, की राजाला शह नसतो, पण हलायलाही जागा नसते. बाकीचं सैन्य एक तर मारलं गेलेलं असतं, नाही तर जागच्या जागी अडकलेलं. खेळायची पाळी त्याचीच आणि खेळता येईल अशी एकही चाल नाही. इंग्रजीत याला स्टेलमेट म्हणतात. आपण बोलण्याच्या सोयीसाठी ‘कोंडी’ म्हणू या. आता प्रश्न असा, की हा डाव जिंकला कुणी?

आज शाळेत खेळणारं पोरही चटकन सांगेल, ‘कुणीच नाही. बरोबरी.’ जागतिक संघटनेचा, म्हणजे फिडेचा, नियम तोच आहे. पण मंडळी, या एका प्रश्नावर खेळणाऱ्यांचं हजार वर्षं एकमत नव्हतं. नियम आभाळातून पडत नाहीत. ते खेळणाऱ्यांच्या भांडणातून तयार होतात, आणि त्या भांडणात कुणाचा शब्द टिकला हे बघितलं, तर खेळापेक्षा माणसांचाच इतिहास जास्त कळतो.

सुरुवात बगदादपासून करू. भारतातलं चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडे गेलं आणि त्याचं शतरंज झालं. नवव्या शतकात अल्-अदली हा तिथला नामांकित खेळाडू. त्यानं शतरंजवर ग्रंथ लिहिला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा अल्-मुक्तफीच्या दरबारात अस्-सूली नावाचा त्याहून जबर खेळाडू आला. त्यानंही ग्रंथ लिहिला आणि आधीच्या उस्तादाच्या चुका दाखवल्या. म्हणजे पुस्तकातून भांडायची रीत एवढी जुनी आहे.

त्या काळात कोंडी करणारा सरळ सरळ जिंकत असे. शत्रूचा राजा हलू शकत नाही, मग आणखी काय हवं? शिवाय समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा पाडला, तरीही तो विजय धरत. पण समजा, त्या एकट्या राजानं पुढच्याच चालीत तुमचंही शेवटचं मोहरं मारलं, तर? दोन राजे, दोन्ही एकटे. बहुतेक मुलूख म्हणे, बरोबरी. मदिनेचे लोक म्हणत, नाही, ज्यानं आधी एकटं पाडलं तो जिंकला. पट एक, मोहरी तीच, आणि गाव बदललं की निकाल बदलला!

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दाकडे जातं. ‘शाह मात’ याचा अर्थ पुष्कळ जण ‘राजा मेला’ असा करतात, कारण अरबीत तसा अर्थ लागतो. फारसीत मात म्हणजे थिजलेला, हतबल झालेला. बुद्धिबळात राजाला कधी मारत नाहीत. तो हतबल झाला की डाव थांबतो. मग ज्याला शह नाही पण जो हतबल आहे, त्याला मात म्हणायचं की नाही? सगळा वाद या एका शब्दात आहे.

खेळ युरोपात पोचला तेव्हा वाद सोबत गेला. मध्ययुगीन फ्रान्समध्ये काही जण म्हणत, चाल नाही ना, मग पाळी सोडा आणि पुढे खेळा. इटलीत बरोबरी मानत. स्पेनमध्ये १४९७ साली लुसेनाचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं. वजिराला नवी, लांब पल्ल्याची ताकद मिळाली तो हा काळ. तिथं कोंडी म्हणजे अर्धा विजय, पैज लावली असेल तर निम्मीच रक्कम हातात. आणि इंग्लंडमध्ये? साधारण १६०० पासून दोनशे वर्षं तिथला नियम असा होता, की जो कोंडी करेल तोच हरला! मात देणं हे तुझं काम. ते न जमता तू खेळच अडवून ठेवलास, तर दंड तुलाच.

ऐकताना हसू येतं, पण त्यात एक विचार आहे. हरत आलेल्या माणसाला कोंडून ठेवणं म्हणजे जिंकणं नव्हे, असं त्यांना वाटत होतं. लंडनमध्ये जेकब सॅराट नावाचा खेळाडू पैसे घेऊन बुद्धिबळ शिकवायचा. १८०८ साली त्यानं आपला ग्रंथ काढला. फ्रान्स आणि इटलीसारखी बरोबरी इंग्लंडनंही मानावी, असा त्याचा आग्रह होता. १८२० च्या आधीच इंग्लंडचा जुना नियम गेला. पुढे इंग्रजांचे क्लब, त्यांची पुस्तकं आणि त्यांचं राज्य जिथं जिथं गेलं, तिथं तिथं ही बरोबरीही गेली.

एवढ्याशा नियमानं काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. पटावर तीनच मोहरी ठेवा. पांढऱ्याचं प्यादं सातव्या घरात, त्याच्या मागच्या घरात त्याचा राजा आणि प्याद्याच्या पुढ्यात काळा राजा. चाल काळ्याची. शह नाही, हलायला घर नाही. आजच्या नियमानं बरोबरी. बगदादच्या नियमानं पांढरा जिंकला. जुन्या इंग्लंडच्या नियमानं पांढरा हरला. म्हणजे एक प्यादं जास्त असणं हे भाग्य की ओझं, हे त्या नियमावर ठरतं. आज हरणारा खेळाडू शेवटपर्यंत आशा धरून का बसतो? ही एक फट उघडी आहे म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी कोंडीला परवानगीच नव्हती. तुमच्या चालीनं समोरचा कोंडला जात असेल, तर ती चाल परत घ्यायची आणि दुसरी करायची. समोरच्याला एक तरी घर मोकळं ठेवलंच पाहिजे. बाकीचे नियमही निराळे. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नसे. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरं टाकता येत, तीही त्याआधी शह बसला नसेल तर. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं व्हायचं. राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ झाली, आणि प्याद्यानं मात दिली तर ती ‘प्यादेमात’, मोठ्या मानाची. हे शब्द आपल्या मराठीत अजून आहेत. त्यातही प्रांताप्रांतात फरक होताच.

सत्यजित राय यांचा १९७७ चा ‘शतरंज के खिलाडी’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल. १८५६ चं लखनौ. मुन्शी नंदलाल त्या दोन मित्रांना विलायती पद्धत सांगतो, प्यादं दोन घरं जातं, वजिराची राणी होते. नवाबाचं राज्य जायच्या बेतात असताना पटावरचे नियमही बदलायला लागले होते.

आपल्या मुंबईचा दाखला तर त्याहून जुना आहे. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचा एक इंग्रजी ग्रंथ छापला गेला. मूळ रचना त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांची, संस्कृतातली. पुस्तकाच्या नावातच लिहिलं होतं, की हे युरोपियन पद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. ज्ञान आपलं, पण ते छापायचं तर दुसऱ्याच्या नियमात बसवून. मी याला तक्रार म्हणत नाही. पण ते ‘जुळवून’ लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण जुळवून घेताना हाताची सवय लगेच सुटत नाही. १८४८ च्या सुमाराला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथला बलाढ्य खेळाडू होता. त्याच्याशी मोहेशचंद्र बॅनर्जी खेळत. देशी पद्धतीत तयार झालेला हा माणूस प्यादी सावकाश पुढे काढी, उंट कोपऱ्याकडे वळवून बसवी आणि पटाचा मधला भाग समोरच्याला खुशाल घेऊ देई. युरोपियन शास्त्राप्रमाणे हे चुकीचं. पुढे जर्मनीचे टाराश सांगत, की मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे. मग १९२० च्या दशकात रिगाचे निम्झोविच आणि त्यांचे समकालीन म्हणू लागले, मध्यभाग दुरूनही ताब्यात ठेवता येतो. दोन्ही बाजूंनी जोरात शाब्दिक मारामारी झाली. आणि या नव्या विचाराच्या सुरुवातींना नाव काय पडलं? ‘इंडियन डिफेन्स’! ज्या चाली अडाणीपणाच्या वाटत होत्या, त्याच सत्तर वर्षांनी नव्या विचाराच्या झाल्या.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतो तो मीर सुलतान खान. पंजाबात, सरगोध्याजवळच्या मिठा टिवाना गावात वाढलेला. बापाकडून देशी बुद्धिबळ शिकलेला. सर उमर हयात खान या जमीनदारानं त्याला आश्रय दिला. विलायती नियम त्यानं तरुणपणी नव्यानं शिकले. १९२९ साली तो लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं.

त्याच्याबद्दल मात्र मतं वेगवेगळी होती. कुणी म्हणे, सुरुवात कच्ची आहे, पुस्तकी ज्ञान नाही. ते खरंही होतं. ज्यानं लहानपणापासून प्यादं एकच घर चालवलं, त्याला दुसऱ्यांची शे-दीडशे वर्षांची पुस्तकं कुठून पाठ असणार? कापाब्लांका मात्र म्हणाले, की अशा स्थितीत हा माणूस विजेता होतो ही असामान्य प्रतिभा आहे. मला वाटतं, दोघं एकच गोष्ट सांगत होते. एकानं उणीव मोजली, दुसऱ्यानं तो किती अंतर चालून आला ते मोजलं.

१९३३ च्या अखेरीस सुलतान खान परत आला. १९३५ साली आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी त्याचा दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडवता आला. मग तो मोठ्या बुद्धिबळातून बाहेरच पडला. १९५० साली फिडेनं पहिले २७ ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यात त्याचं नाव नव्हतं. १९६६ साली तो गेला. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली. हयात माणसाला चाल मिळाली नाही. मात झाली असंही कुणाला म्हणता येणार नाही. ही कोंडीच की.

आणि वाद मिटला असं समजू नका. चिनी बुद्धिबळात आजही ज्याला चाल नाही तो हरतो. सत्तावीस वर्षं विश्वविजेते असलेले लास्कर म्हणत, कोंडी करणाऱ्याला निदान थोडे तरी गुण द्या. २०२० साली माजी विश्वविजेते क्रामनिक यांनी अल्फाझीरो या संगणकाच्या निर्मात्यांना सोबत घेऊन काही बदललेले नियम तपासून पाहिले. त्यात एक नियम होता, कोंडी केली की विजय. दुसरा होता, प्यादं फक्त एक घर चालणार. एक बगदादचा, दुसरा आपल्या ओसरीवरचा. जे नियम मागासलेले म्हणून टाकून दिले, ते नवा खेळ शोधण्यासाठी पुन्हा पटावर आले.

आज नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सगळे आनंदलो. ती ज्या नियमांनी जिंकली ते जगाचे नियम आहेत, आणि एक नियम असल्याशिवाय जगानं एकत्र खेळताच येणार नाही, हेही खरं. पण ज्यांचं मत मागे पडलं, ते चुकीचे होते म्हणून मागे पडले असं नाही. पूर्वी आपल्याकडे परगावचा खेळाडू आला, की मोहरी मांडण्याआधी दोघं विचारून घ्यायचे, ‘तुमच्याकडे कसं खेळतात?’ एवढा एक प्रश्न विचारला, की अर्धं भांडण तिथंच मिटायचं.