गर्भिणीचा आहार : परळपासून जालन्यापर्यंत

सातव्या महिन्यांत गर्भिणीला हिरवी साडी नेसवावी, फुलांनीं सजवावें आणि तिच्या आवडीचे पदार्थ करून डोहाळे पुरवावेत, ही महाराष्ट्रांतील जुनी रीत. आईनें खाल्लेलें बाळाच्या अंगीं लागतें, ही जाणीव तिच्या मुळाशीं आहे. चरकाच्या शारीरस्थानांत गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार सांगितला आहे, तोही याच जाणिवेनें. परंतु अन्नांतील नेमकें कोणतें द्रव्य तिला तारतें, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा हातीं आला तो विसाव्या शतकांत, मुंबईच्या परळ भागांत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणीं एक घातक पांडुरोग जडत असे. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकारानें त्याचा तपास करण्यासाठीं १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें कामास लागली. डॉ. तळपदे यांच्यासह तिनें शहरांतील बायकांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. रोग जंतूंचा नसून ताटांतील उणिवेचा असावा, असा तिचा कयास होता.

गरीब बायकांच्या आहारासारखें अन्न तिनें उंदरांना दिलें. त्यांनाही पांडुरोग झाला. पण त्या उंदरांच्या रोगांत उवांनीं पसरविलेल्या जंतूंचाही हात आहे, असें पुढें आढळलें. तेव्हां तिनें माकडांवर प्रयोग केले. अखेर मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देतांच माकडें सुधारलीं, आणि बायकाही बऱ्या होऊं लागल्या. हा निष्कर्ष १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. अर्कांतील त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ असें नांव पडलें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें करण्यांत आलें. पानाच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘फॉलिक आम्ल’ म्हणूं लागले. विल्सबाईंच्या शोधाचें मर्म तेंच ठरलें.

हें द्रव्य केवळ आईचें रक्त राखतें असें नाहीं. गर्भाच्या मेंदूची व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत मिटते. ती उघडी राहिल्यास मूल जन्मतः व्यंग घेऊन येतें. असें मूल पूर्वीं झालेल्या स्त्रियांनीं गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक आम्ल घेतल्यास धोका सुमारें तीन चतुर्थांशांनीं घटतो, हें १९९१ सालीं ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळानें सिद्ध केलें.

पुढचें पाऊल पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकलें. १९९३ पासून त्यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भिणींचा अभ्यास केला. ज्या मातांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक, त्यांचीं बाळें जन्मतः अधिक भरदार आढळलीं. मात्र अनेक मातांच्या रक्तांत बी-१२ जीवनसत्त्व उणें होतें. तें दूध, दहीं, अंडीं व मांस यांतून मिळतें; पालेभाजींत तें नसतें. म्हणून एकावर भर देऊन दुसरें विसरणें हिताचें नाहीं.

जालन्याच्या संदर्भांत या इतिहासाचा अर्थ काय? हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं औरंगाबादपासून वेगळा झाला. मराठवाड्याच्या या कोरडवाहू मुलखांत भाकरी ज्वारीची वा बाजरीची आणि कालवण तुरीच्या वरणाचें. मेथी, तांदुळजा, अंबाडी या भाज्या येथील ओळखीच्याच. येथील मोसंबीस तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण पालेभाजीस पाणी लागतें. १९७२ च्या दुष्काळासारखें वर्ष आलें, म्हणजे भाकरी कशीबशी मिळते, परंतु ताटांतील हिरवा रंग आधीं नाहींसा होतो. त्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेल्या मजुरांत बायकांची संख्या मोठी होती.

आणि सुबत्तेच्या वर्षींही घरांतील सून सर्वांमागून जेवते; तिच्या वांट्यास तळाचें वरण आणि उरलीसुरली भाजी येते. भाजी फार वेळ शिजवून तिचें पाणी ओतून दिल्यास राहिलेलें सत्त्वही जातें. सरकारी दवाखान्यांतून व अंगणवाडींतून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्याच. परंतु मज्जारज्जूची नलिका मिटते तेव्हां पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची वार्ताही नसते. सातव्या महिन्याचें जेवण गोड खरें, पण त्या कामास तें उशिरा येतें. ज्या घरास निरोगी नातू हवा, त्यानें लेकीचें व सुनेचें ताट डोहाळ्यांच्या पुष्कळ आधीं, रोजच्या रोज आणि सर्वांबरोबर वाढावें.